गावात नसलेली वस्ती

तीन दिवस शेवंता ढवळे वाचनालयाच्या हॉलमध्ये एकटीच बसून होती. टेकाडवस्तीतल्या बायका डबक्यातलं पाणी भरतात, त्याचे तिने काढलेले फोटो भिंतीवर होते. बघायला कुणी फिरकलं नाही. चौथ्या दिवशी नगराध्यक्ष आले, तेही तणतणतच.

"उतरवा हे! असली वस्ती आपल्या गावात नाहीच."

शेवंताने कागद-पेन पुढे केलं. "तेवढं लिहून द्या साहेब, फोटोंखाली लावते. म्हणजे निवडणुकीत तिथली सातशे मतं मागायला कुणी जायला नको."

नगराध्यक्षांनी पेनाला हात लावला नाही. फोटो भिंतीवरच राहिले.

महिन्याभरात वस्तीत नळ आला. उद्घाटनाला हारतुरे झाले, भाषणं झाली. शेवंताचं नाव कुणी घेतलं नाही. ती गर्दीमागे एकटीच उभी होती. एका म्हातारीने भरलेला तांब्या आणून तिच्यापुढे धरला. शेवंताने तो दोन्ही हातांनी घेतला आणि तिथेच उभ्याउभ्या रिकामा केला.