उकिरड्यातली स्थळं

एका गावात एक भोळा भाचा होता. गावात शहाणेही होते, पण त्यांच्या गोष्टी सांगण्याजोग्या नाहीत. या भाच्याचं नाव महिपत. त्याची आत्या, चंद्राबाई, मंगल कार्यालय चालवायची. सगळ्या पंचक्रोशीची लग्नं तिच्या मांडवात लागली, आणि सख्खा भाचा मात्र चाळिशीला टेकला तरी बिनलग्नाचा. आत्याच्या जिवाला हाच एक घोर होता. "ह्याचं लगीन लागलं की मी डोळं मिटाय मोकळी," ती म्हणायची.

तोवर हाताला काही काम हवं, म्हणून तिनं त्याला कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर बसवलं. लोक मेलवरून लग्नाच्या तारखा विचारायचे. त्यांच्यासोबत न बोलावलेला कचराही यायचा, फुकटची बक्षिसं, टकलावरची औषधं आणि लग्नाला उतावीळ परदेशी बायका. तो टाकायला मेलमध्ये वेगळा कप्पा होता. आत्या त्याला उकिरडा म्हणायची.

पहिल्याच दिवशी मेल आला. तुम्हाला परदेशी लॉटरी लागली आहे, इथे दाबा. महिपतनं दाबलं. मग गावभर पेढे वाटले. कॉम्प्युटर त्याच दिवशी बंद पडला, तो दुकानात जाऊन बरा होऊन आला.

"आरं मुडद्या," आत्या म्हणाली, "वळख न्हाई त्याला उघडायचं न्हाई. ध्यानात ठेव!"

"ठेवलं," महिपत म्हणाला. आणि ठेवलंच.

लगेच एका लग्नाचं वऱ्हाड फाटकाशी आलं. पुढं बँड, मागं घोड्यावर नवरदेव. महिपतनं फटीतून पाहिलं. एकही तोंड ओळखीचं नव्हतं. त्यानं आतून कुलूप घातलं.

"आरं, मी नवरदेव हाय!" घोड्यावरून आवाज आला.

"सगळे असंच सांगत्यात," महिपत म्हणाला.

मुहूर्त टळला. बँडवाल्यांना घेरी यायची वेळ आली. शेवटी नवरदेव भिंतीवरून चढून आत आला आणि फाटक्या सुरवारीनं बोहल्यावर उभा राहिला.

आत्यानं कपाळाला हात लावला. "माणसं कशाला अडवतोस? लबाड वळखायचा घाईवरनं. लवकर कर, न्हाईतर बुडालास, असं म्हणंल त्याचं ऐकायचं न्हाई!"

"न्हाई ऐकणार."

पुढच्या लग्नात आचारी बोंबलत आला. "महिपतराव, कढईनं पेट घेतला! ती वाळूची बादली द्या, लवकर! न्हाईतर मांडव जाईल!"

महिपत गालात हसला. "लवकर म्हणतोस. वर भ्या दाखवतोस. वळखलं तुला." आणि तो बादलीवर बसून राहिला.

मांडव गेला. माणसं वाचली, पण पंगत उन्हात बसली. जिलबीपेक्षा व्याह्यांची टकली जास्त तापली.

"आग लागल्यावर घाईच करत्यात, येड्या!" आत्या ओरडली. "लबाड वळखायचा गळ घालण्यावरनं. आपण नको नको म्हणावं आन् त्यानं फुकटचं गळ्यात मारावं, त्यो लबाड!"

"आता कळलं," महिपत म्हणाला.

याच सुमाराला एक स्थळ चालून आलं. तालुक्याच्या रामजी गुरुजींची वैजयंता. मुलगी शिकलेली, वाचनालयात नोकरीला, आणि कुणाचीही भीड न ठेवणारी. आत्यानं देव पाण्यात घातले. महिपतच्या अंगावर नवा सदरा घातला आणि त्याला मुलगी बघायला नेलं.

पोहे आले. महिपतनं बशी चाटूनपुसून खाल्ली. मुलीच्या आईनं आणखी वाढले.

"नको," महिपत म्हणाला.

"घ्या हो थोडे."

"नको."

"असं कसं? आमच्याकडं आलात, घ्यावेच लागतील!" आणि तिनं बशीत ढीग केला.

महिपत ताडकन उठला. "गुरुजी, जपून राहा. तुमच्या घरात ही बाई लबाड आहे."

धरणी दुभंगली असती तर आत्या आनंदानं आत गेली असती. गुरुजींचा चहा नाकात गेला. पण वैजयंता फिस्सकन हसली, ती हसतच राहिली. आजवर बघायला आलेल्या सगळ्यांनी तिला गोडगोड थापा मारल्या होत्या. हा पहिलाच, ज्याच्या पोटातलं ओठावर आलं होतं. तिला तो आवडला. आवडीला औषध नसतं.

घरी येताच आत्यानं त्याला फैलावर घेतलं. "असं तोंडावर बोलत्यात व्हय? कुणी गळ घातली, घाई केली, तर गप उकिरड्यात सारायचं. उत्तर न्हाई, काय न्हाई!"

"गप सारीन."

दोन दिवसांनी मेल आला. कार्यालयाच्या पाटीवर मेलचा पत्ता होता, त्या पत्त्यावर वैजयंतानं स्वतः लिहिलं होतं. तुम्ही मला आवडलात. लग्नाला माझी तयारी आहे. बाबांनी दुसऱ्या स्थळाला आज संध्याकाळपर्यंत थोपवलं आहे, तेव्हा आजच उत्तर द्या, विसरू नका. सोबत माझा फोटो.

महिपतनं नीट वाचलं. घाई होती. गळ होती. न मागता फोटो होता. शिवाय 'आवडलात' होतं. असं त्याला आजवर फक्त उकिरड्यातल्या बायकाच म्हणाल्या होत्या. त्यानं गप सारलं.

"आत्या, आज चूक केली न्हाई बघ," तो जेवताना म्हणाला. "वैजयंता म्हणून एक आलीती. गप उकिरड्यात."

आत्याच्या हातातली भाकरी चुलीत पडली. "आरं माझ्या कर्मा! पळ! आधी तिला वर काढ! मग उकिरड्यात टाकलेल्या पोरीची माफी माग. म्हणावं, चुकलो, लग्नाला तयार हाय, रविवारी आपल्याच कार्यालयात उरकू. पळ!"

महिपत पळाला. दुपारभर खटखट वाजत होतं. उन्हं कलली तेव्हा आत्या साखर घेऊन आली. इतक्या वर्षांनी तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काढलीस वर?"

"काढली."

"मागितलीस माफी? कळवलास होकार?"

"कळवला. उकिरड्यात होत्या त्या सगळ्यांना. नताशा झाली, केस उगवून देणारी झाली, ती विधवा राणी झाली. बँकेचा एक सायब बी होता, त्याला बी वाईट वाटायला नको. राणी तर लगीच हो म्हणाली. खात्याचा नंबर मागतीया, आहेर करायचा आसंल."

आत्याची साखर सांडली. "आरं, आन् वैजयंता?"

"ती उकिरड्यात कुठं हाय? तूच वर काढाय लावलीस की."

"म्हंजे तिला काहीच कळवलं न्हाईस?"

"असं कसं? वळखीचं माणूस हाय ते," महिपत म्हणाला. "तिला लग्नाचं आवतण धाडलंय. सहकुटुंब या म्हटलंय."