मेट्रनबाईंची नाडी

एकदा एक परिचारिका होती, आणि तिच्यापाशी एकही रुग्ण नव्हता. नाव कांचन. शिक्षण पुरं झालेलं, परीक्षा चांगल्या गुणांनी पास, नावनोंदणीही झालेली. पांढरा गणवेश इस्त्री करून ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या वासात ठेवलेला. आता तुम्ही म्हणाल, आजारी माणसांना काय तोटा आहे? मुळीच नाही. दवाखानेही पावलोपावली आहेत. पण जिथे जावं तिथे एकच प्रश्न, "अनुभव आहे का?" नाही म्हटलं की, "अनुभव घेऊन या." तो कुठून आणायचा, हे मात्र कोणी सांगत नव्हतं. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, असं आपण हसत हसत म्हणतो. ज्याच्यावर बेततं त्याला हसू येत नाही, एवढंच.

सुरुवातीला कांचनही हसून सांगायची, "बघतेय, मिळेल कुठेतरी." असं म्हणता म्हणता वर्ष सरलं. बरोबरच्या मुली एकेक करून कामाला लागल्या. मोबाईलवरच्या त्यांच्या ग्रुपवर रात्रपाळीच्या तक्रारी यायच्या, दुखणाऱ्या पायांची गाऱ्हाणी यायची. कांचन वाचायची आणि फोन पालथा ठेवायची. पाय दुखायलाही नशीब लागतं, असं तिला वाटायचं. गल्लीत कोणी भेटलं की ठरलेला प्रश्न, "काय गं, लागलीस का कुठे?" विचारणाऱ्याच्या पोटात काही नसतं, पण ऐकणारीला ते रोज लागतं. मग ती नळावरची गर्दी ओसरल्यावर पाण्याला जाऊ लागली. आईशी बोलणं जेवणापुरतं उरलं. भरल्या घरात माणूस एकटं पडतं ते असंच. त्याला कोणी टाकत नाही, तेच आतून कडी लावून घेतं.

त्यात एक मुलाखत झाली. एका खासगी दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी स्वतःचाच हात पुढे केला आणि म्हणाले, "माझं बीपी बघा." वर्षभरात तिने कोणाच्या दंडाला पट्टा बांधलेला नव्हता. तिने पट्टा बांधला, स्टेथोस्कोप कानाला लावला. कानात ठोके आले, पण ते तिला खरे वाटेनात. तिने डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा तुकतुकीत होता. तिने सांगून टाकलं, "एकशेवीस-ऐंशी, सर."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मला कित्येक वर्षं बीपीच्या गोळ्या चालू आहेत. इतकं छान कधी आलेलं आठवत नाही. कळवतो तुम्हाला."

ही गोष्ट कांचनने कोणालाच सांगितली नाही. त्या दिवसापासून तिला आपल्याच हातांची भीती वाटू लागली. आजवर लोक तिला नाही म्हणत होते. आता ती स्वतःच स्वतःला नाही म्हणू लागली, आणि या नकारावर कोणाकडे दादही मागता येत नाही. मामांच्या ओळखीचं साड्यांचं दुकान होतं. 'सोमवारपासून ये' असा निरोप आला आणि तिने होकार कळवला. साड्या विकण्यात कमीपणा कसला? मेहनतीचंच काम आहे ते. पण कांचन त्या दुकानात लपायला निघाली होती.

जाण्यापूर्वी एक काम उरलं होतं. गावात एक निवृत्त मेट्रन, म्हणजे दवाखान्यातल्या मुख्य परिचारिका, राहत असत. त्यांचं खरं नाव फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. लहानथोर सगळे त्यांना मेट्रनबाईच म्हणत. निवृत्तीनंतरही त्या नर्सिंगच्या मुलींना शिकवायला जात, आणि कांचन त्यांच्या शेवटच्या वर्गातली. परीक्षा पास झाली तेव्हा बाईंनी स्वतःच्या मनगटावरचं सेकंदकाट्याचं घड्याळ काढून तिच्या हातात दिलं होतं. ते परत करायला ती शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याकडे गेली.

बाई एकट्याच राहत. एक खोली, एक खुर्ची, वर गच्चीत फुलझाडांच्या कुंड्या. कांचनने घड्याळ टेबलावर ठेवलं आणि पाठ केल्यासारखं सांगितलं, "बाई, मला आता याचा उपयोग नाही. दुसऱ्या कुणाला द्या. सोमवारपासून मी दुकानात जाणार आहे."

बाईंनी का म्हणून विचारलं नाही, समजूतही घातली नाही. त्यांनी हात पुढे केला. "घड्याळ परत करायचं ते सोमवारी कर. तोवर माझी नाडी बघत जा. घरात दुसरं कोण आहे बघायला?"

कांचनने अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं टेकवली. क्षणभर सगळं ठीक होतं. मग मध्येच एक ठोका चुकला. पुढचे दोन घाईघाईने आले आणि पुन्हा मध्ये पोकळी.  तिने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. बाई स्वस्थ बसल्या होत्या.

"कशी आहे?"

"नीट आहे, बाई," कांचन म्हणाली.

मनात तिने स्वतःला समजावलं, की बाईंना काय होणार? आपलीच बोटं बधिर झाली आहेत. वर्षभर वापर नाही, गंज चढला असेल.

बाई एवढंच म्हणाल्या, "उद्या ये."

शनिवारीही तेच. ठोका चुकला, कांचनने पुन्हा तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "नीट आहे." बाईंनी चहा केला. दोघी खिडकीपाशी बसून प्यायल्या.  कांचनला वाटलं, या खोलीत किती शांतता आहे, आणि बाई इतकी वर्षं कशा राहिल्या असतील? निघताना तिचा पाय घुटमळला. काहीतरी सांगायचं होतं, पण 'चुकलं तर?' या दोन शब्दांनी तोंड धरून ठेवलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिच्या बोटांना तो चुकलेला ठोका जाणवत राहिला.

रविवारी बाईंनी तिसऱ्यांदा हात पुढे केला. तिसऱ्यांदा ठोका चुकला. तिसऱ्यांदा कांचन म्हणाली, "नीट आहे, बाई."

"छान," बाई म्हणाल्या. त्या उठल्या, पदर कमरेला खोचला, मोरीतली मोठी बादली नळाखाली सरकवली आणि काठोकाठ भरू दिली. कांचन बघत राहिली. बाई एरवी कुंड्यांना तांब्या तांब्याने पाणी घालत, मध्ये मध्ये जिन्यात टेकत, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. आज त्यांनी भरलेली बादली दोन्ही हातांनी उचलली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"बाई, हे काय करताय? द्या मला."

"का? नाडी नीट आहे. तूच सांगितलंस. तीन दिवस सांगतेयस."

त्यांनी दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला. बादली हिंदकळली, पाणी पायरीवर सांडलं. बाईंचा श्वास फुलल्याचं खालूनही ऐकू येत होतं.

"नका चढू, बाई."

"मग कारण सांग."

 एका बाजूला बाईंचा निश्चिंत चेहरा होता आणि दुसऱ्या बाजूला तिची तीन बोटं. ती धावली, बादलीच्या कडीला हात घातला आणि तिच्या तोंडून बाहेर पडलं, "नीट नाहीये. ठोका चुकतोय तुमचा. पहिल्या दिवसापासून चुकतोय."

बाईंनी बादली सोडली. कांचनने ती खाली ठेवली. बाई तिथेच पायरीवर बसल्या आणि श्वास जागेवर येईपर्यंत भिंतीला टेकून राहिल्या. कांचन ओल्या पायरीवर त्यांच्या शेजारी बसली. तिला रडू आवरत नव्हतं.

"गेल्या वर्षापासून चुकतो," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांना ठाऊक आहे, गोळ्या चालू आहेत. घाबरू नकोस, मी काही वर पोचले नसते. चौथ्या पायरीला बसलेच असते. तोवर तू बोलशील एवढा भरवसा होता." मग त्यांचा आवाज थोडा कडक झाला. "पण ऐक, पोरी. तुला वाटत असेल, तुझे हात बिघडले. हातांना काही झालेलं नाही. त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं. तू त्यांचं ऐकलं नाहीस, माझं तोंड बघून सांगितलंस. लोकांनी तुला इतक्यांदा नाही म्हटलं, की तू दुसऱ्याच्या तोंडावर स्वतःची किंमत वाचायला शिकलीस. आणि आता रोग्याची नाडीही तिथेच वाचतेस. तुला ही नम्रता वाटत असेल. पण तीन दिवस तुझी बोटं माझ्या हातावर होती आणि तरी मी एकटीच होते."

कांचनने मान खाली घातली. मग तिने ती डॉक्टरांच्या बीपीची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच कोणाला तरी. 

सगळं ऐकून झाल्यावर बाई म्हणाल्या, "नोकरी मी देऊ शकत नाही. कधी मिळेल तेही सांगू शकत नाही. दुकानात जायचं तर खुशाल जा, पोट सगळ्यांनाच असतं. पण हात तिथे ठेवून येऊ नकोस." आणि जरा थांबून, खाली बघत, "येत जा अधूनमधून. नाडीचं निमित्त नसलं तरी. माझ्या हाताला कोणी हात लावून फार दिवस झाले होते."

त्यांनी पुन्हा मनगट पुढे केलं. कांचनने टेबलावरचं घड्याळ आणलं आणि बोटं टेकवली. या वेळी तिने डोळे घड्याळावर ठेवले.

"नीट आहे ना?" बाईंनी मुद्दाम विचारलं.

"नाही, बाई. चुकतोय."

"नीट बघ. मला तर बरं वाटतंय."

"तुम्हाला बरं वाटत असेल," कांचन म्हणाली. "ठोका चुकतोय."

बाई हसल्या. कुंड्यांना पाणी कांचननेच घातलं. घड्याळ परत टेबलावर गेलं नाही, तिच्या मनगटावर राहिलं.

सोमवारी ती दुकानात गेली, आणि मालकांना आधीच सांगून टाकलं, "मी नर्स आहे. जागा मिळेपर्यंत येईन." साड्यांच्या घड्या घालता घालता ती अर्ज करत राहिली. संध्याकाळी बाईंकडे जात राहिली. नकार येत राहिले. ते थांबले असं सांगितलं तर ते खोटं होईल.

मग एका प्रसूतिगृहात बोलावणं आलं. तिथल्या डॉक्टरांनी तिला वॉर्डात नेलं, एका गरोदर बाईकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "यांचं बीपी बघा."  तिने पट्टा नीट बांधला, ऐकलं आणि आकडा सांगितला. तो बराच वर होता.

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "इतकं कसं असेल? सकाळी तर नॉर्मल होतं."

 कांचन म्हणाली, "मी परत बघते, सर." तिने त्या बाईला जरा स्वस्थ पडू दिलं, डोकं दुखतंय का विचारलं, पुन्हा पट्टा बांधला. ऐकताना तिने वर मान केली नाही. "तेवढंच आहे, सर. आणि त्यांचं डोकं सकाळपासून दुखतंय."

डॉक्टरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, मग स्वतः पट्टा बांधून ऐकलं. शेजारच्या सिस्टरला घाईने औषध आणायला सांगितलं. त्या धावपळीत कांचनचा विषय बाजूलाच राहिला. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन ते म्हणाले, "कळवतो."

हा शब्द तिने किती ठिकाणी ऐकला होता. ती एसटी स्टँडवर येऊन बाकावर बसली. गाडीला वेळ होता, आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं. तिने डाव्या मनगटावर उजव्या हाताची तीन बोटं टेकवली आणि सेकंदकाट्याकडे पाहत स्वतःची नाडी मोजली. नीट होती. या वेळी ते खरं होतं.