विलायती विळा आणि भिवराबाई

"उचल तुझी ऐरण! कंपनीच्या विळ्याला जन्मात धार लावावी लागत नाही. आता घिसाडणीचं या बाजारात काय काम?" मामलेदारांचे मेव्हणे विसाजीपंत ओरडत होते.

इंग्रजी अमदानीतली गोष्ट. पंतांनी विलायती विळ्यांची एजन्सी घेतली होती, पण माणसं जायची भिवराबाईकडेच. नवऱ्याच्या बरोबरीनं घण घालणारी बाई ती. नवा विळा विकायची, जुन्याला धार काढून द्यायची. बाजारातली चिंचेखालची तिची जागा गेली असती, तर घरची चूल विझली असती.

"तुला इथून उठवायचा मामलेदारांच्या सहीचा कागद आणलाय. दाखवू?" पंत म्हणाले.

"दावा की! मला कागद वाचता येत नाही, पर लोखंड वाचता येतं." भिवराबाईनं घण टेकवला आणि पंतांच्या तुळतुळीत गालांकडं बघितलं. "आज दाढी कुणी केली?"

"रखमाजी न्हाव्यानं. त्याचा वस्तराही आमच्याच कंपनीचा, पोलादही तेच!" पंतांनी ऐटीत गालावरून हात फिरवला. बढाई कुठं थांबवावी हे शिकलेल्यांना कळत नाही, मी पुष्कळ पाहिलंय.

रखमाजी समोरच बसला होता, पुढच्या गिऱ्हाइकासाठी तोच वस्तरा दगडावर घासत. भिवराबाईनं त्याच्याकडे बोट केलं.

"मग पंत, महिनाभर त्याच वस्तऱ्यानं, पर दगड न लावता, रोज दाढी करून घ्या. महिन्यानं तुमचे गाल असेच तुळतुळीत राहिले, तर ही ऐरण मीच डोक्यावर घेऊन तुमच्या दारात टाकते!"