अर्धा पाना

घाटाच्या पायथ्याशी एका गॅरेजात एकदा एक शिष्य गाडीखाली उताणा पडून देवाला आणि बोल्टांना आळीपाळीने शिव्या घालत होता. गाडी होती गुळाच्या एका व्यापाऱ्याची, डिझेलची, मालवाहू. इंजिनाच्या तळाशी ऑईल साठवणारा पत्र्याचा चेंबर असतो, तो गळत होता. शिष्याने चेंबर उतरवून मधले पॅकिंग बदलले होते. तरी थेंब आला. मग त्याने बोल्ट आणखी आवळले, तर गळती वाढली. मग पान्याला लोखंडी पाइप जोडून, दातओठ खात, पुन्हा आवळले. आता तर धारच लागली होती.

संताप येणार नाही तर काय होईल? हातावर हात ठेवून बसल्याने काम बिघडले, तर समजू शकते. पण जीव तोडून करावे तसतसे ते अधिकच बिघडत जावे, याला काय म्हणावे?

त्यात व्यापारी येऊन उभा राहिला. "उद्या माल भरून घाट चढायचाय मला. वर ऑईल संपून इंजिन जाम झालं, तर काय गुळाला मुंग्या लागताना बघत बसू? सकाळी एक थेंब जरी दिसला, तरी माझ्या सगळ्या गाड्या पलीकडच्या गॅरेजात!"

ही धमकी पोकळ नव्हती. निम्मे गॅरेज त्याच्याच गाड्यांवर चालत होते, आणि वृद्ध वस्ताद ते गॅरेज लवकरच शिष्याच्या हाती सोपवणार होते. हाती यायच्या आधीच ते बुडणार, अशी चिन्हे दिसू लागली.

शिष्य बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावर ऑईल होते आणि डोळ्यांत पाणी. "वस्ताद, हा चेंबर माझ्या मुळावर उठलाय. याहून लांब पाइप असेल तर द्या."

वस्तादांनी पाइप दिला नाही. त्यांनी त्याच्या हातातला पाना घेतला, टेबलाला जोडलेल्या लोखंडी पकडीत घट्ट आवळला आणि कटर मशीनने मधोमध कापला. ठिणग्या उडाल्या. दांडा जेमतेम वीतभर उरला.

म्हाताऱ्याचे डोके फिरले, असेच शिष्याला वाटले. तोंडातून मात्र एवढेच निघाले, "अहो वस्ताद, काय केलंत हे!"

"चेंबर उतरव," वस्ताद म्हणाले.

उतरवलेला चेंबर त्यांनी पुसून एका जाड काचेवर पालथा ठेवला. बोल्टाच्या प्रत्येक भोकापाशी काठ काचेला टेकला होता. दोन भोकांच्या मध्ये मात्र तो उचलला गेला होता. त्या फटीत वस्तादांनी नख सरकवून दाखवले.

"पहिल्या खेपेला जुनं पॅकिंग नीट खरवडलं नसशील, म्हणून थेंब आला. तेवढीच काय ती गाडीची चूक, आणि तीही तुझीच. पुढची सगळी गळती तू आवळून आवळून केलीस. जिथं आवळलंस तिथं पत्रा दबला, आणि जिथं तुझा पाना पोचतच नाही तिथं वर आला. ऑईल तिथूनच जाणार ना? आणि एक सांगतो. दांडा लांब असला की राग थेट बोल्टापर्यंत पोचतो. आखूड असला की वाटेतच दमतो. कापला तो त्यासाठी."

शिष्याने काठ ठोकून सपाट केला, जुने पॅकिंग कणाकणाने खरवडले, नवे बसवले आणि समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे घेत त्या अर्ध्या पान्याने आवळले. एवढ्याशा जोराने काय होणार, असे त्याला प्रत्येक बोल्टापाशी वाटत होते.

सकाळी, रात्रभर गाडीखाली ठेवलेला पुठ्ठा कोरडा होता. व्यापाऱ्याने वाकून पाहिले, काठावरून बोट फिरवले. बोटही कोरडेच निघाले. तरी त्याचे समाधान होईना.

"आज नाही गळत, ठीक आहे. पण पुढे घाट आहे. माझ्यासमोर सगळ्या बोल्टांना अजून एकेक पीळ दे."

पीळ द्यायला कितीसा वेळ लागणार होता? व्यापारी खूश झाला असता, गाड्याही टिकल्या असत्या. शिष्याने वस्तादांकडे पाहिले. वस्ताद बशीतला चहा फुंकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"नाही शेठ," शिष्य म्हणाला. "गाड्या न्यायच्या तर न्या. याला आता हात लागणार नाही."

"माझीच गाडी, आणि मलाच नाही म्हणतोस!" व्यापाऱ्याने धाडकन दार आपटले आणि गाडी घाटाला लावली. शिष्य दिवसभर दुसऱ्या कामात होता, पण लक्ष सारे रस्त्याकडे.

संध्याकाळी गाडी परत आली. व्यापारी उतरला, त्याने स्वतःच खाली वाकून पुन्हा काठावरून बोट फिरवले. तेही कोरडेच निघाले. मग तो कंबर धरत उठला.

"उद्या दुसरी गाडी पाठवतो," तो चेहरा आंबट करून म्हणाला. "तिच्याही बाबतीत असाच उद्धटपणा कर."

शिष्याने नुसती मान हलवली. घरच्या माणसाला एकदा नीट समजावून झाल्यावरही आणखी एकदा समजावल्याशिवाय आपल्याला राहवत नाही; त्या वेळी हा शिष्य आठवावा.