मिठीवाचून ऐकणारी

जंगलाला वाचा होती, तेव्हाची गोष्ट. दुःखी जनावरांचं मन हलकं करायला वडाखाली सशांची बैठक भरे. रीत एकच: आधी मिठी, मग बोलणं. चिंगी साळिंदरीला त्या बैठकीत जागा हवी होती.

"एवढे काटे घेऊन मिठी मारणार? चल, नीघ!" ससे खिदळले.

"अहो, ऐकायला कान लागतात!" चिंगी कडाडली आणि तिथेच हटून बसली.

तेवढ्यात वणव्यात होरपळलेलं पाडस आलं. ससे मिठी मारायला झेपावले. भाजल्या अंगाला स्पर्श होताच ते किंचाळून पळालं आणि चिंगीपुढे थबकलं. ती चटकन दोन हात मागे सरली.

"कुणी हात लावणार नाही, बाळा. बोल."

पाडस भडाभडा बोलू लागलं.

थोरला ससा हळूच जवळ आला. "चिंगीताई, आम्हीही बसू?"

"बसा की," ती कुजबुजली, "कान तर माझ्याहून मोठे आहेत तुमचे!"