हैफातला पदर

"बाई, 'विस्थापन' हा शब्द पहिल्याच वाक्यात घालू, की लोकांना आधी जरा खुर्च्यांवर बसू देऊ?"

हा प्रश्न माझा. चाळिशी ओलांडलेल्या, स्वतःला शहाणीसुरती म्हणवणाऱ्या बाईने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलेला. माझी अक्कल किती, ते सुरुवातीलाच कळलेलं बरं.

बाई म्हणजे रिबकाबाई अष्टमकर. अलिबागला इस्रायल आळीत राहतात. आधी शाळेत शिकवायच्या. मग मुलाकडे इस्रायलला बरीच वर्षं राहिल्या, आणि समुद्र इथलाच बरा म्हणून परत आल्या. दर रविवारी त्यांच्या ओटीवर आम्ही चारपाच जणी जमतो. बाई तिकडच्या आजच्या लेखकांची एखादी छोटीशी गोष्ट हिब्रूत वाचतात आणि वाचता वाचताच मराठीत सांगतात.

त्यातल्याच एका गोष्टीवर मला त्या संध्याकाळी वाचनालयात बोलायचं होतं. विषय, 'ही गोष्ट आणि मी'. कुणीच तयार होईना तेव्हा मीच ऐटीत हात वर केला होता. जन्मात कधी माईकसमोर उभी राहिले नव्हते. ते कुणाला कळू नये म्हणून मी जाडजूड निबंध लिहिला होता.

बाईंकडे त्या दिवशी मलिद्याची तयारी चालली होती. नातवाला नोकरी लागली होती. नवस पुरा झाला की कोकणातल्या ज्यू, म्हणजे बेने इस्रायली घरांत एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची. बाई खवणीवर बसून नारळ खवत होत्या.

"वाच," बाई म्हणाल्या.

मी वाचला. विस्थापन, अस्मिता, इतिहासाचं ओझं... सगळं होतं त्यात.

खर्र, खर्र. बाई खवतच होत्या.

"झालं?"

"झालं. कसं आहे?"

"कागद चांगला आहे. आता गोष्ट सांग."

"तुम्हाला काय सांगू? तुम्हीच तर आम्हाला सांगितलीत!"

"म्हातारी झाले. विसरले. सांग."

मी सांगितली. हैफा शहरात एक माणूस एकटाच राहतो. त्याला रोज एका अनोळखी म्हातारीचा फोन येतो. नंबर चुकलेला. तिला वाटतं, आपला मुलगाच बोलतोय. जेवलास का, स्वेटर घातलास का, म्हणून ओरडते. तो आधी वैतागतो. मग हळूहळू खरी उत्तरं द्यायला लागतो. एक दिवस ती म्हणते, शुक्रवारी जेवायला ये. त्याच्याने नाही म्हणवत नाही. जातो. दार उघडतं. म्हातारी त्याला खालपासून वरपर्यंत बघते...

"मग?"

"मग म्हणते, 'उशीर केलास.' आणि पदराने ताट पुसून त्याला वाढते."

खवणी थांबली.

"कशाने पुसून?"

"पदराने."

"हैफात? पदर?"

बाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या, की हातातली नारळाची वाटी निसटून ओटीभर गडगडत गेली. मलाही हसू आवरेना, पण कान मात्र तापले होते.

"अगं, ती आजी रशियातून तिकडे आलेली," डोळे पुसत बाई म्हणाल्या. "कसला पदर नि कसलं काय! गोष्टीत नुसतं 'वाढते' एवढंच आहे. ताट पुसल्याचं मी सांगितलंच नाही."

"पण मी बघितलंय ना, बाई!"

"कुठे? कुठे बघितलंस?"

"आमच्या घरी. रोह्याला. आई पुसायची. ताट लख्ख असायचं, तरी पुसायची."

"का?"

"मी कॉलेजातून उशिरा आले की... तिला रागवायचं असायचं. कुठे होतीस विचारायचंही असायचं. पण तोंडातून काही निघायचं नाही. मग ताट पुसत राहायची."

बाईंनी माझ्या हातातले कागद घेतले आणि पोह्यांच्या पातेल्यावर नीट पसरून ठेवले. माश्या येत होत्या.

"बाई, माझं भाषण!"

"ते आत्ताच झालं की."

"अहो, मी तर गोष्टच चुकीची ऐकली! असं करते, तेवढा पदर काढून टाकते, बाकीचं..."

"पदर काढलास, तर गोष्टीतला तो माणूस दारातूनच परत जाईल."

मी पातेल्यावरच्या कागदांकडे बघितलं. एका कोपऱ्यातून पाणी वर चढत 'अस्मिता'पर्यंत पोचलं होतं.

"म्हणजे संध्याकाळी मी आईचं सांगू? रोह्याचं? एवढ्या माणसांसमोर? पहिल्या रांगेत अध्यक्ष बसतात, बाई. लोक हसतील हो मला!"

बाई उठल्या. गडगडत गेलेली वाटी शोधून आणली, धुतली, आणि पुन्हा खवणीवर बसल्या.

"हसले की थांब," त्या म्हणाल्या. "हसून झालं की पुढे बोल."