ठाकूर भोमसिंहाची शिकार

"तुम्ही शिकारीला जाणार, महाराज? … तुम्ही?"

केसरनाथांनी काठी उचलली होती. खांद्यावर कांबळं टाकत ते म्हणाले, "ठाकूर हात मागतोय. कुणीतरी द्यायला हवा."

"पण ते हरणं मारायला निघालेत!"

"हो. बंदुका मलाही दिसतायत."

धीरनाथ मठाच्या उंबऱ्यात तसाच उभा राहिला. समोर अंगणात एक उंच, वाकलेला म्हातारा भावाचा दंड धरून उभा होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पांढरा पडदा आला होता. जिकडून आवाज येईल तिकडे तो मान वळवत होता.

तो धीरनाथाचा बाप.

मारवाडच्या कडेला वाळू संपते आणि एकाएकी उघडे, काळे डोंगर उभे राहतात. तिथे केसरनाथांचा मठ होता. वर निवडुंग आणि काटेरी झुडपं, खाली कोरडा ओढा. पाणी काय ते मठामागच्या टाक्यात, पावसात साठेल तेवढंच.

धीरनाथ इथे आला तेव्हा त्याचं नाव धीरसिंह होतं. ठाकूर भोमसिंहाचा एकुलता एक मुलगा. याच डोंगरात त्यानं पहिलं हरीण पाडलं, आणि घराण्याच्या रीतीप्रमाणे बापानं त्या हरणाच्या रक्ताचा टिळा त्याच्या कपाळाला लावला. काकानं पाठ थोपटली. सगळे हसले.

त्यानं ओढ्यातली वाळू मुठीत घेतली आणि कपाळ घासलं. कातडी निघेपर्यंत घासलं. मग डोंगर चढून मठात गेला, तो घरी परतलाच नाही.

बापानं त्याला अडवलं नाही. फक्त दुसऱ्या वर्षापासून दर हिवाळ्यात भोमसिंह आपला भाऊ उगमसिंह आणि बालमित्र मेहराब खान यांना घेऊन याच डोंगरात शिकारीला येऊ लागला. ओढ्याच्या काठाला राहुटी लागायची. चुलीच्या धुराबरोबर त्यांचं हसणं मठापर्यंत यायचं.

आणि दर हिवाळ्यात धीरनाथ तरातरा डोंगर उतरून त्यांच्यासमोर उभा राहायचा.

"लाज नाही वाटत? एवढं मोठं वाळवंट पडलंय, आणि तुम्हाला हाच डोंगर सापडतो?"

भोमसिंह खाली मान घालून ऐकून घ्यायचा. सगळं ऐकून झालं की विचारायचा, "वर थंडी फार आहे का, नाथजी?" आणि आणलेलं कांबळं पुढे करायचा.

पोटच्या मुलाला तो नाथजी म्हणायचा. धीरनाथानंच तसं बजावलं होतं.

"रक्त लागलेल्या हातांचं मला काही नको," धीरनाथ म्हणायचा आणि परत डोंगर चढायचा.

ते लोक रिकाम्या हातांनी घरी जायचे. एकदाही त्यांना हरीण मिळालं नाही.

वरच्या खिंडीत एक दगडी कुंडी होती. धीरनाथ रोज सकाळी टाक्यातलं पाणी वर नेऊन तिच्यात ओतायचा. चिंकारे तिथं प्यायला यायचे. आपल्या जपाचं कडं या हरणांभोवती आहे, म्हणून शिकाऱ्यांना ती दिसत नाहीत, अशी त्याची खात्री झाली होती. एकदा त्यानं ते गुरूंना बोलूनही दाखवलं. केसरनाथ भाकरी मोडत होते. ते भाकरी मोडत राहिले.

यंदा मात्र धीरनाथ खाली उतरायच्या आधीच भोमसिंह स्वतः वर आला होता. ठेचकाळत, धापा टाकत. बरोबर उगमसिंह होता, मेहराब खान होता, आणि भोमसिंहाचा नवा जावई मालमसिंह. तो या डोंगरात पहिल्यांदाच आला होता.

"नाथजी," म्हाताऱ्यानं हात पुढे केला होता, "मला दिसत नाही आता. खिंडीपर्यंत जायचंय. तुम्ही हात धराल?"

"काका आहेत ना."

"त्याचा हात मी घरी रोजच धरतो…"

धीरनाथाच्या ओठांवर शब्द तयारच होते. "या हातांनी मी जप करतो. हरीण मारायला जाणाऱ्याचा हात या हातात घेणार नाही."

भोमसिंहाचा हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला. मग त्यानं तो खाली घेतला आणि अंगरख्याला पुसला. जणू खरोखरच त्याला काही लागलेलं होतं.

तेव्हाच केसरनाथ काठी घेऊन उठले होते.

"चल, ठाकूर," ते आता म्हणाले. "माझ्या खांद्यावर हात ठेव. घाई करू नकोस."

"आदेश, बाबाजी," भोमसिंहानं नाथपंथी रीतीनं नमस्कार केला.

ती माणसं मठामागच्या वाटेनं वर चढू लागली. पुढे बंदूक घेतलेला जावई, मागे काका आणि मेहराब खान, मध्ये दोन म्हातारे. एकाच्या कानात नाथपंथाची कुंडलं, दुसऱ्याच्या कमरेला शिकारीचा सुरा.

धीरनाथ आत गेला. आसनावर बसला. जपात मन लागेना. गुरूंचा राग येत होता, आणि गुरूंचा राग येतो याचाही राग येत होता.

तो बंदुकीच्या आवाजाची वाट पाहत राहिला.

ऊन डोक्यावर आलं. आवाज आला नाही.

"नाहीच मिळणार," तो स्वतःशी म्हणाला. "या डोंगरात तुम्हाला हरीण मिळणार नाही."

दुपार झाली. वारासुद्धा पडला…

उन्हं कलली तेव्हा वाटेवर गोटे घरंगळल्याचा आवाज झाला. धीरनाथ बाहेर आला.

दोन बंदुकांना साफे बांधून त्यांनी झोळी केली होती. पुढे उगमसिंह आणि मेहराब खान, मागे मालमसिंह, प्रत्येकाचं पाऊल जपून पडत होतं. त्यांच्या मागे केसरनाथ येत होते. त्यांच्या हातात म्हाताऱ्याच्या मोजड्या होत्या.

धीरनाथाला आधी वाटलं, हरीण आहे.

त्यांनी झोळी अंगणात ठेवली. केसरनाथांनी मोजड्या तिच्या पायथ्याशी जोडून ठेवल्या आणि ते भिंतीशी जाऊन बसले.



"पडले?" धीरनाथानं विचारलं.

"नाही रे." मेहराब खान जमिनीवरच बसला. त्याची पांढरी दाढी घामानं भिजली होती. "बसल्या बसल्या गेला. बाबाजींच्या खांद्यावर मान टाकली… आम्हाला वाटलं, डुलकी लागली."

"कुठे?"

"कुंडीपाशी."

धीरनाथ झोळीकडे पाहत होता. चेहरा झाकलेला होता, पण पायांच्या भेगांत वाळू दिसत होती.

मेहराब खान सांगू लागला. थांबत थांबत, त्याला सुचेल तसं.

"झुडपाआड बसलो होतो. हरणं आली. पाच-सहा असतील, एक पाडस होतं. भोमाला दिसत नव्हतं, पण खुरांचा आवाज त्यानं ओळखला. या मालमनं बंदुकीचा घोडा चढवला. तर भोमा कुजबुजला, 'खाली घे, कुंवरसा. पाणी पितायत ती.' मग बाबाजींना विचारलं, 'पाणी कोण भरतं इथं?' बाबाजी म्हणाले, 'तुझा मुलगा.'"

"मग?"

"हरणं निघून गेली. भोमा चाचपडत कुंडीपाशी गेला. ओंजळ भरली. प्यायला नाही. डोळ्यांना लावली, कपाळाला लावली… तिथंच टेकून बसला."

मालमसिंह पलीकडे तोंड करून उभा होता. तो हळूच म्हणाला, "मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांत फक्त माझ्याच बंदुकीत बारूद होतं."

धीरनाथाला कळलं नाही. "म्हणजे?"

मेहराब खाननं उगमसिंहाकडे पाहिलं. उगमसिंह म्हणाला, "सांग आता. ज्यानं शपथ घातली तोच गेला."

"बेटा," मेहराब खान म्हणाला, "तू मठात आलास त्यानंतर भोमानं हरणावर बंदूक उचलली नाही. ना इथं, ना कुठं. इथं यायचो तेव्हा बारूद घरीच ठेवून यायचो. रिकाम्या नळ्या खांद्याला लावून दोन दिवस डोंगरात हिंडायचं, दगडावर बसून गप्पा मारायच्या आणि परत जायचं."

"पण मग… मग बंदुका कशाला?"

"तू भांडायला खाली यावास म्हणून."

धीरनाथ बघत राहिला.

"पहिल्या वर्षी तो गूळ घेऊन आला होता. आठवतं? नुसता गूळ. बंदूक नव्हती, काही नव्हतं. निरोप पाठवला, बाप भेटायला आलाय. तू उलटा निरोप धाडलास, संन्याशाला बाप नसतो. दिवसभर खाली बसून तो परत गेला." मेहराब खाननं दाढीवरून हात फिरवला. "पुढच्या हिवाळ्यात म्हणाला, शिकारीला जाऊ. मला वाटलं, डोकं फिरलं याचं. इथं आलो, तर तू वाऱ्यासारखा खाली आलास. काय काय बोललास! आम्हाला ऐकवेना. आणि हा घोड्यावर बसून घरी जाताना हसत होता. म्हणाला, 'पाहिलंस मेहराब? अंगानं भरलाय. आवाज किती मोठा झालाय त्याचा.'"

…

उगमसिंह अंगरख्याच्या बाहीनं डोळे पुसत होता.

"यंदा दिसायचंच बंद झालं," मेहराब खान म्हणाला. "मग म्हणाला, 'आता नुसतं भांडण ऐकून माझं भागत नाही. एकदा त्याचा हात धरीन.'"

धीरनाथाचे हात त्याच्या दोन्ही बाजूंना लोंबत होते. तो त्यांच्याकडे पाहत नव्हता.

थोड्या वेळानं तो खाली बसला. झोळीवरचं कापड बाजूला करावं म्हणून त्यानं हात नेला आणि मध्येच थांबवला.

"शिवू का?" त्यानं विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही.

उगमसिंहानं कापड बाजूला केलं.

म्हाताऱ्याचं कपाळ स्वच्छ होतं. भुवईच्या केसांत एक थेंब अजून सुकायचा होता, की तो कुणाच्या घामाचा होता कोण जाणे. धीरनाथानं बापाचा हात हातात घेतला. तो थंड होता, जड होता, आणि बोटं अर्धवट मिटलेली होती. त्याच्या बोटांभोवती ती आवळली गेली नाहीत.

"बासा," तो म्हणाला.

लहानपणी तो वडिलांना असंच म्हणायचा.

"बासा… वर थंडी फार आहे."

मेहराब खान उठून त्याच्या पाठीशी आला आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला.

सावल्या लांबायला लागल्या तसा उगमसिंह उठला.

"निघायला हवं. अंधारायच्या आत खाली ओढ्यापर्यंत पोचलो तर गाडीत घालून गावाकडे नेता येईल." मग पुतण्याकडे न बघता तो म्हणाला, "अग्नीचं मनाला लावून घेऊ नका, नाथजी. जावईबापू देतील. तुमचा नेम मोडा असं आम्ही म्हणत नाही. त्यानंही म्हटलं नसतं."

त्यांनी झोळी उचलली. मालमसिंहानं मोजड्या काखेत घेतल्या. खाली जाणारी वाट वळणावळणाची होती. पहिल्या वळणाआड उगमसिंह आणि मेहराब खान गेले, मग झोळी, मग शेवटी मालमसिंहाची पाठ. पावलं मात्र ऐकू येत राहिली.

अंगणात दोघेच उरले.

"तुम्हाला ठाऊक होतं," धीरनाथ म्हणाला.

केसरनाथांनी भिंतीला टेकवलेली काठी जवळ ओढली.

"जपाच्या कड्याविषयी मी तुम्हाला सांगत होतो… तेव्हाही ठाऊक होतं."

"हो."

"मला थांबवलं का नाहीत?"

"थांबवलं असतं तर तू खाली जायचा राहिला असतास."

धीरनाथ उठला. अंगणाच्या कडेपर्यंत गेला. तिथून परत आला. गुरूंसमोर उभा राहिला तेव्हा त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"महाराज, ज्यानं घर सोडलं, नाव सोडलं, गोत्र सोडलं… त्याला बापाला अग्नी देता येतो का? शास्त्र काय सांगतं?"

खालून गोटे घरंगळल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी "सांभाळून" म्हटलेलं ऐकू आलं.

"खिंडीकडे चढताना ठाकूर सारखा थांबत होता," केसरनाथ म्हणाले.

"दम लागत असेल."

"मलाही तसंच वाटलं. पण तो थांबायचा आणि कान मागे द्यायचा. प्रत्येक वळणावर विचारायचा, 'बाबाजी, मागून माझा मुलगा येतोय का?'"

धीरनाथानं खाली जाणाऱ्या वाटेकडे पाहिलं.

"… तुम्ही काय सांगितलंत?"

"येतोय, म्हणून सांगितलं."